पाच किलोच्या आत

आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारला की त्या प्रश्नाचं लोखंडी वजन होतं आणि ते त्याच्या मांडीवर पडतं. बाजारात भाजीवाल्यांकडे असतं तसंच वजन, सहा कोनांचं, काळं, वर धरायला कडी. किलोचा आकडा असतो त्या जागी प्रश्न उमटलेला असतो. विचारणाऱ्याला उत्तर पटलं की वजन नाहीसं होतं, नाही पटलं तर तिथेच राहतं. खोली जुनी आहे आणि पहिल्यापासून अशीच आहे, त्यामुळे गावात कोणाला तिचं नवल नाही. नवल वाटलं ते तक्रार आली म्हणून.

तक्रार केली सगुणा उईकेनं. तिचा नवरा हिरामण तलावावरचा पाटकरी, म्हणजे दारं उघडून शेतांना पाणी सोडणारा माणूस. आठ दिवसांपूर्वी सकाळी तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेला तेव्हा तलाव जागेवर नव्हता. आटला वगैरे नव्हता, नव्हताच. पाळ होती, दारं होती, आणि पाळीच्या आत जिथे चाळीस हेक्टर पाणी असायचं तिथे तुरीचं शेत होतं, तूर चांगली कमरेपर्यंत आलेली. हिरामणनं ठाण्यात येऊन वर्दी दिली. वर्दी देणाऱ्यालाच आधी बसवून घ्यायचं ही आपल्याकडची रीत, तसा तो बसला तो बसलाच.

सगुणानं तहसिलीत अर्ज दिला. माझ्या नवऱ्यावर फार जड प्रश्न घालून राहिले, तो मरून जाईल, हे बंद करावं, असं त्यात लिहिलं होतं. तहसीलदारांनी विचार केला, प्रकरण वजनाचं आहे, आणि अर्ज वजनमापे निरीक्षक प्रभाकर नाकाडे यांच्याकडे धाडून ते मोकळे झाले. सोबत एक जुनं परिपत्रक जोडलं होतं. पाच किलोपर्यंत प्रश्न समजावा, पाच किलोच्या वर छळ समजावा. खालची सही कोणाची ते वाचता येत नव्हतं.

नाकाडे नाकासमोर चालणारा माणूस. सव्वीस वर्षं एकच काम केलं. गावोगावच्या दुकानांत जाऊन वजनं तपासायची, बरोबर निघाली तर वजनाच्या बुडाशी भोकात शिसं भरलेलं असतं त्यावर हातोडीनं सरकारी ठसा मारायचा, खोटी निघाली तर जप्त करायची. त्यांची स्कूटर बाजारात शिरली की निम्म्या वजनांना पाय फुटायचे. चहा पाजून गोड बोलणारे खूप भेटले, पण एकाही खोट्या वजनावर त्यांचा ठसा नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. एक गोष्ट मात्र त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती. सव्वीस वर्षं त्यांची नजर फक्त कमी भरणारं वजन शोधत आली होती. जास्त भरलं तर भरू दे, गिऱ्हाइकाचंच भलं होतं, त्याला कोण कशाला हटकतो.

गुरुवारी सकाळी दहाला नाकाडे ठाण्यात गेले. सोबत पितळी प्रमाण वजनांची पेटी, तराजू, हातोडी आणि ठसे. ठाणेदार वैरागडे त्यांना घ्यायला दारापर्यंत आले. हा माणूस गोड बोलायचा आणि मनापासून बोलायचा, हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर त्याच्याबद्दल भलताच समज व्हायचा.

"या नाकाडे साहेब. चहा सांगतो. निव्वळ दुधाचा मिळेल, पाण्याची बोंब आहे."

"आमच्याकडे पण दोनच घागरी येतात," नाकाडे म्हणाले.

"तेच म्हणतो मी. सहा हजारांची वस्ती, बाया उजाडल्यापासून टँकरच्या वाटेला डोळे लावून बसतात. आणि तलाव कुठे आहे ते आत बसलेल्या एका माणसाला माहीत आहे."

"माहीत असेलच असं नाही."

"ते विचारल्याशिवाय कसं कळणार?"

बोलणं बिनचूक होतं. नाकाडे त्यांच्या मागोमाग आत गेले.

खोली स्वच्छ होती. भिंतींना नवा चुना, एक मोठी खिडकी, हात असलेली एक लाकडी खुर्ची आणि बाजूला टेबल. खुर्चीत हिरामण बसला होता. वजनं त्याच्या मांडीपासून छातीपर्यंत रचलेली होती आणि सगळ्यात वरच्या वजनावर त्यानं हनुवटी टेकली होती. त्याला कशानं बांधलं नव्हतं. अंगावर ओरखडा नव्हता, सदरा धुतलेला होता.

"कोणी बोट लावलेलं नाही," वैरागडे म्हणाले. "दोन वेळचं जेवण आहे. डॉक्टर रोज येऊन बघून जातात."

नाकाडे खुर्चीजवळ गेले. काय हिरामण, बरं आहे ना, असं त्यांच्या तोंडून निघणारच होतं, तेवढ्यात कोपऱ्यातल्या हवालदार कुकड्यांनी घाईनं हात आडवा केला.

"प्रश्न नको साहेब. तुमचाबी पडते."

नाकाड्यांनी शब्द गिळला. "मी नाकाडे, वजनमापातून आलो," एवढंच सांगितलं.

"राम राम जी," हिरामण हनुवटी न हलवता म्हणाला.

वजन तपासायचं ते एकेक करून. दोन वजनं एकदम पारड्यात घातली तर एकाची चूक दुसऱ्यात लपते, म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात. नाकाड्यांनी सगळ्यात वरचं उचललं. 'तलाव कुठे आहे', चार किलो नऊशे दहा ग्रॅम. त्याखालचं पुन्हा 'तलाव कुठे आहे', चार किलो आठशे ऐंशी. त्याखाली 'सोमवारी दारं कोणी लावली', चार किलो साडेसातशे. मग एक आलं, 'तुझी बायको दिवसभर घरी एकटीच असते ना', ते चार किलो नऊशे नव्वद भरलं. काठावरचं होतं, पण आत होतं.

उचलायचं, फडक्यानं पुसायचं, तोलायचं, टेबलावर उलटं करून शिशावर ठसा मारायचा आणि परत हिरामणच्या मांडीवर ठेवायचं. ठाणेदारांच्या हुकमाशिवाय वजन खाली ठेवता येत नव्हतं, आणि ठाणेदार चहाचं बघायला गेले होते. त्यामुळे परत ठेवायचं कामही नाकाडेच करत होते. सतरावं वजन ठेवताना ते जरा तिरपं बसलं.

"सायेब, ते चपटंवालं आधी ठेवा जी, मंग हे," हिरामण म्हणाला. "नाही तं घसरते."

नाकाड्यांनी तसं केलं. वजन चपखल बसलं.

"आठ दिवस झाले ना जी," हिरामण म्हणाला. "आता समजते मले."

त्याचा आवाज एखाद्यानं पाहुण्याला रस्ता सांगावा तसा होता. नाकाड्यांना ते कुठेतरी लागलं. पण हातात हातोडी होती आणि अजून चोवीस वजनं व्हायची होती.

दीड वाजता काम संपलं. एक्केचाळीस वजनं, सगळी पाच किलोच्या आत, एकूणएक ठसा मारलेली.

"एकही कमी नाही, एकही खोटं नाही," नाकाडे समाधानानं म्हणाले. हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं दुकानादुकानातून उच्चारलं होतं आणि ते ऐकून दुकानदारांचे चेहरे खुलायचे. वैरागड्यांचाही खुलला. नाकाड्यांनी दाखल्यावर सही केली आणि पेटी उचलली.

बाहेर पायरीवर सगुणा डबा घेऊन बसली होती. त्यांना पाहून ती उठली.

"काय निंघालं जी?"

"एकेक तपासलं बाई. सगळी पाच किलोच्या आत आहेत."

"आन सारे मिळून?"

नाकाडे थांबले. आकडे त्यांच्या डोक्यात आपोआप एकावर एक चढत गेले आणि दोनशे किलोला जेमतेम काही ग्रॅम कमी असताना उभे राहिले. हा आकडा त्यांनी सकाळपासून एकदाही केला नव्हता. करायचं सुचलंच नव्हतं.

"सगळी मिळून तोलत नाहीत," ते म्हणाले. "तसा रकाना नाही."

"त्याचं सोताचं वजन बावन किलो आहे," सगुणा म्हणाली. "रेशनच्या काट्यावर उभा राह्यला होता दिवाळीत. तो काटा तुमीच पास केला होता."

ती रागानं बोलली नाही, नुसती माहिती दिली. नाकाड्यांना लाज वाटली, सरळ साधी लाज, कान तापवणारी. त्यांनी दोनशे किलो आपल्या हातानं, नीट पुसून, एकेक करत त्या माणसाच्या मांडीवर रचले होते, आणि वर चपखल बसलं म्हणून बरंही वाटून घेतलं होतं. ते तिथूनच मागे फिरले आणि परत खोलीत गेले.

"मला दाखला बदलायचा आहे," ते वैरागड्यांना म्हणाले. "हा छळ आहे. तसं लिहितो."

वैरागडे चिडले नाहीत. त्यांनी दाखला पुढे सरकवला, पेनही दिलं. "अवश्य लिहा. फक्त एक्केचाळीसपैकी कोणता प्रश्न छळ आहे तेवढं दाखवा."

"कोणताच नाही. सगळे मिळून आहे."

"ठसा तुम्ही एकेकावर मारला. सगळे मिळून, याच्यावर कुठे मारणार? शिसं कुठे आहे त्याला?"

हिरामण आपल्या वजनांवरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"साहेब, मी कसाई नाही," वैरागडे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "माझ्या आधी इथे पट्टा होता, बर्फाची लादी होती. त्याला छळ म्हणा, मी पण म्हणतो. मी आल्या आल्या ते सगळं भंगारात घातलं. आता फक्त विचारतो. आणि तुम्ही तर तोलमापवाले. एका पारड्यात एका माणसाच्या मांडीवरचं ओझं टाका, दुसऱ्यात सहा हजार माणसांचं पाणी. सांगा बरं कुठलं पारडं खाली जातं?"

"माणूस किलोत मोजतात, पाणी लिटरमध्ये," नाकाडे म्हणाले. "ते एका काट्यावर चढत नाही."

"मग सहन होण्यासारखं आहे की नाही ते ठरवायचं कोणी? हा नाहीच म्हणणार. मी होच म्हणणार. शेवटचा रकाना वाचा ना."

दाखल्याच्या तळाशी रकाना होता. त्रयस्थ व्यक्तीचा अनुभव. सकाळी तो तिथे नव्हता, पण छपाई बाकीच्या दाखल्याइतकीच जुनी दिसत होती.

"चारपर्यंत बसा खुर्चीत," वैरागडे म्हणाले. "छळ आहे असं ठरलं तर हिरामणला घरी सोडतो आणि खोलीला कुलूप घालतो. माझा शब्द आहे. छळ नाही असं ठरलं तर चारच्या ठोक्याला तो परत इथे. ठरेपर्यंत तो मोकळा."

नाकाडे हो म्हणाले. आपण एकदा बसलो की सगळं दोन मिनिटांत स्पष्ट होईल असं त्यांना वाटलं. शिवाय त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायची वेळ परत यायची होती.

हुकूम झाला तशी कुकड्यांनी हिरामणवरची वजनं उतरवून भिंतीकडेला रांगेत मांडली आणि त्याला काखेत धरून उठवलं. हिरामण उठला, पण सरळ झाला नाही. गुडघे आणि कंबर बसल्यासारखीच राहिली, नुसती खुर्ची त्याच्याखालून गेली. तो तसाच भिंतीला टेकून राहिला. नाकाडे खुर्चीत बसले. ती ऊबदार होती.

"नाकाडे साहेब," वैरागडे समोर स्टूल ओढून बसत म्हणाले, "हा छळ आहे का?"

वजन मांडीवर पडलं. नाकाड्यांनी सवयीनं कडीत बोटं घालून अंदाज घेतला, चार किलो नऊशेच्या आसपास.

"एकावर सांगता येत नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"हा छळ आहे का?"

दुसरं पहिल्यावर बसलं. वैरागडे घाई करत नव्हते. मधे ते चहाचा घोट घ्यायचे, एकदा त्यांनी पंखाही वाढवायला सांगितला. आठव्या वजनानंतर नाकाड्यांना आपली पावलं जाणवेनाशी झाली. दहाव्याला मांडीचं हाड आतल्या आत वाकतंय असं वाटलं.

"हो," ते म्हणाले. "आता झाला."

"नवव्याला नव्हता?"

अकरावं पडलं.

"नव्हता असं म्हणालो नाही मी."

"मग दहाव्यानं असं काय केलं? तो पाचाच्या वर आहे का?"

बारावं, तेरावं. कुकड्यांनी तराजू धरला आणि दहावं वजन काढून तोललं. चार किलो नऊशे तीस. ते परत मधेच सरकवायला जरा कष्ट पडले.

"म्हणजे दहावा निव्वळ प्रश्न आहे," वैरागडे म्हणाले. "नववा पण. आठवा पण. मग यातला छळ कोणता, नाकाडे?"

साहेब हा शब्द तेवढ्यात कुठेतरी गळून पडला होता. नाकाड्यांनी तो जाताना ऐकला.

तीन वाजता वजनं बरगड्यांना लागली. श्वास वरच्यावर, गळ्यापाशीच घ्यावा लागत होता. नाकाड्यांना घाम आला होता आणि तो पुसायला हात पोचत नव्हता.

"छळ आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या. छळ आहे."

वैरागड्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "आता तुम्ही ओझ्याखाली बोलताय. असं बोलणं मी कागदावर कसं घेऊ? हलकं होतं तेव्हा ठाम बोलला असतात तर घेतलं असतं."

"हलकं होतं तेव्हा म्हणालात, सहन होतंय म्हणजे छळ नाही."

"ते पण खरंच आहे," वैरागडे म्हणाले. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "प्रभाकर, नीट आठवून सांग. तलाव तुझ्याकडे तर नाही ना?"

हे वजन सरळ छातीवर बसलं. नाही, असं नाकाडे म्हणणार होते. पण त्यांना कार्यालयातलं मागचं कपाट आठवलं, जप्तीचा माल ठेवतात ते. मार्चनंतर ते उघडलेलं नव्हतं. किल्ली त्यांच्याचकडे होती. चाळीस हेक्टर पाणी कपाटात मावत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या क्षणी त्यांना खात्री देववेना. आहे म्हणून टाकावं, निदान हे एक तरी उतरेल, असंही वाटलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"विचार कर," वैरागडे म्हणाले. पुढच्या खोलीत फोन वाजत होता. टँकरसाठी जिल्ह्याचा फोन असणार, म्हणून ते उठले, आणि जाताना कुकड्यांनाही टँकरचे कागद घेऊन यायला सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

खोलीचं दार उघडं राहिलं. त्यातून सगुणा आत आली. भिंतीशी वाकून उभ्या असलेल्या नवऱ्याचा तिनं दंड धरला.

"चला," ती हळूच म्हणाली. "कोनी नाही. पंधरा मिन्टं आहेत. जंगलात निंघून जाऊ, मंग पाहून घेऊ."

हिरामणनं दाराकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. "त्याईले असं टाकून नाही येत," तो म्हणाला.

"त्यानंच रचले तुमच्यावर."

"नीट रचले," हिरामण म्हणाला.

सगुणानं कपाळाला हात लावला आणि ती दारात जाऊन उभी राहिली. हिरामण भिंतीला धरत, न दिसणाऱ्या खुर्चीवर बसल्यासारखाच, एकेक पाऊल टाकत नाकाड्यांपाशी आला. त्यानं त्यांच्या कपाळावरचा घाम आपल्या बाहीनं पुसला. घसरायला आलेलं एक वजन आत ढकललं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आठ दिवसांत त्याला स्वतःला कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"लय दुखून राह्यलं काय जी?"

वजन पडलं.

दिवसभरात इतका आवाज कोणत्याच वजनाचा झाला नव्हता. खुर्चीचे पाय फरशीवर किंचित सरकले. हिरामण दचकून मागे झाला.

"नाही नाही," नाकाडे म्हणाले. आपल्याकडे असंच म्हणतात. घरी सुतक असलं तरी दारात आलेल्याला आधी हेच सांगायचं. "कुठं काय. ठीक आहे."

हिरामणला ते पटलं नाही. त्याला त्या खुर्चीतलं दुखणं माहीत होतं. वजन तसंच राहिलं.

नाकाड्यांनी उजव्या हाताची बोटं कशीबशी कडीत घातली आणि ते वजन तसूभर उचललं. सव्वीस वर्षांत या हाताचा अंदाज कधी पन्नास ग्रॅमच्या वर चुकला नव्हता. त्यांनी ते खाली ठेवून परत उचललं. सहा किलो भरत होतं. वर थोडं असेल, कमी नव्हतं.

मग त्यांना सगळं नीट समजलं. त्या खोलीत पाच किलोच्या वरचं हे एकच वजन होतं. आकडा सांगितला तर दाखल्यावर छळ असं लिहिता येत होतं, कायद्यानं, ठशासकट, पण छळ करणाऱ्याच्या रकान्यात नाव हिरामण उईकेचं जात होतं. आकडा लपवायचा तर सोपं होतं. हो रे बाबा, फार दुखतंय, एवढं म्हटलं की हिरामणला पटलं असतं आणि वजन नाहीसं झालं असतं. मग खोलीत सगळं पाच किलोच्या आत उरलं असतं, आणि चारला हिरामण परत खुर्चीत. तिसरी वाट त्यांनी शोधून पाहिली. खोलीला एकच दार होतं आणि त्यातून वैरागडे आत येत होते.

"आवाज झाला," ते म्हणाले. "नवीन आहे का?"

हनुवटीखाली आणखी एक पडलं. वैरागड्यांनी वाकून नाकाड्यांच्या हातातलं वजन वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं.

"हा माझा नाही," ते म्हणाले. त्यांनी मान वळवून हिरामणकडे पाहिलं. हिरामणनं हात जोडले. तो तसाच, बसल्यासारखा उभा होता. दारात सगुणानं डबा पोटाशी धरला होता. वैरागड्यांनी खिशातून दाखला काढला, गुडघ्यावर पसरला, पेनाचं टोपण दातात धरून काढलं.

"तुमचा हात खोटं तोलत नाही हे मला माहीत आहे, नाकाडे साहेब," ते अगदी आदरानं म्हणाले. "किती भरलं?"

हे वजन कुठे पडलं ते नाकाड्यांना कळलं नाही. पारडं हलत असताना माप वाचायचं नाही, हा कायदा आहे. त्यांनी कडी धरलेला हात वजनांच्या ढिगावर अधांतरी उचलून धरला. वजन हाताबरोबर इकडून तिकडे झुलत होतं. घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती.

"अजून हलतंय," नाकाडे म्हणाले.